डसलेल्या माशाचं कालवण

माझ्या सासूबाईंच्या घरात गोड्या पाण्यातला मासा शिजत नसे. घर म्हणजे जूचंद्रमधली आमची चार मजली इमारत. पूर्वी तिथं कौलारू घर आणि मागे भाताचं खळं होतं. आता खाली तीन दुकानं, वर भाडेकरू आणि पहिल्या मजल्यावर आम्ही. मागची जुनी विहीर आणि तिच्याभोवतीचं दहा-बारा पावलांचं अंगण तेवढं शिल्लक राहिलंय. घर बदललं तरी स्वयंपाकघराचे नियम बदलले नाहीत. सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला मासळी नाही. बाकीच्या दिवशी मासळी खाडीची किंवा समुद्राची, तीही नायगावहून येणाऱ्या ठरलेल्या कोळणीच्या टोपलीतली. बोंबील, मांदेली, बोय, कोलंबी आणि पाहुणे असले तर पापलेट. बाजारात रोहू-कटल्याचे ढीग असतात, पण त्यांच्यासमोरून जाताना सासूबाई नाकाला पदर लावत.

"चिखल खातान ते," त्या म्हणत. "आनि मंग आपुन त्यांना खायाचं?"

मी कृष्णाकाठची, सांगलीकडची. आमच्या गावात समुद्राचा मासा म्हणजे बाजारातली सुकट. ओला मासा नदीचाच. त्यातही मरळ किंवा वाम मिळाली तर ती विकली जाई, कारण तिला गिऱ्हाईक असे. विकायला लाज वाटावी असं जे काही जाळ्यात किंवा गळाला येई ते घरी खायचं. हाताच्या बोटाएवढ्या मुऱ्या, काट्यांनी भरलेल्या खवल्या, पुढे पुढे चिलापी. मला तेच मासे माहीत होते आणि तेच आवडत. नवरा आणि मी मुंबईत एकाच कंपनीत नोकरीला होतो, लग्न आमचं आम्ही ठरवलं, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, घरात वीसेक माणसं जेवायला असताना, मी बोलून गेले की मुऱ्यांच्या आमटीची सर कशालाच नाही. क्षणभर कोणाला कळलं नाही. मग कळलं आणि सगळे हसले. सासूबाई सगळ्यांत जास्त हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी त्या आमटीचं नाव काढलं नाही. बोंबील साफ करायला शिकले, कोळणीशी भाव करायला शिकले. पुढे ती कंपनी सोडून जवळच्याच एका शाळेच्या कार्यालयात कारकून म्हणून लागले, आणि आता कोणी विचारलं तर मी स्वतःला इथलीच म्हणते.

आई गेल्यावर तीन महिन्यांनी मी वडिलांना इकडे आणलं. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली. भाऊ परदेशी, गावात ते एकटेच. त्यांना बोलावून घे, असं मला सासूबाईंनीच सांगितलं होतं, हे इथं लिहायला हवं. मनानं त्या कोत्या नव्हत्या. नियम फक्त मासळीचा होता.

महिनाभरासाठी आलेले आण्णा पहिले पंधरा दिवस गॅलरीत बसून राहिले. समोर दुसऱ्या इमारतीचं काम चालू होतं ते बघत. सासूबाई त्यांच्याशी थेट बोलत नसत. "तुजे आन्नांना चाय देली का?" असं मला विचारत, ते शेजारीच बसलेले असले तरी. एका संध्याकाळी आण्णांनी विचारलं,

"हितं नदी न्हाई का गं?"

"खाडी आहे की. खाली चालत गेलात तर दिसेल."

"खाडी न्हवं. नदी. गोड पानी असलेली."

मी त्यांना कामणच्या नदीबद्दल सांगितलं. त्या रविवारी स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. हायवे ओलांडून, चिंचोटीच्या नाक्यावरून आत, गोदामांच्या रांगा आणि खडीचे डंपर यांच्यामधून, मग डावीकडच्या एका कच्च्या रस्त्यानं. नदी म्हणावी एवढी ती मोठी नाही. डिसेंबर होता, पाणी कुठं घोट्याएवढं, कुठं कमरेएवढं. एका छोट्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला प्लास्टिक अडकलेलं होतं आणि पाण्याला वास होता. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मात्र करंजाची झाडं होती आणि तळातले गोटे दिसत होते. आण्णा बराच वेळ उभे राहिले. मग वाकून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि सोडून दिलं.

"मासा हाय," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी वसईच्या बाजारातून गळ आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आणला. काठी त्यांनी कामणच्या एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावरच्या बांबूची तोडली. नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्यानं हौसेनं चरकी लावलेली चकचकीत काठी आणून दिली. आण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली, छान आहे म्हणाले आणि कपाटावर ठेवली. ती अजून तिथंच आहे.

पहिल्या दिवशी तीन तासांत पाच खवल्या आणि एक तळहाताएवढी चिलापी मिळाली. आण्णांना आनंद झाला असं म्हणता येणार नाही. ते आनंदी माणूस नव्हतेच. पण त्यांची मान, जी आई गेल्यापासून जराशी खाली असायची, ती पाण्याकडे बघताना सरळ झाली होती, एवढं मी पाहिलं. त्यांनी पिशवीत सगळं आणलं होतं. छोटी कढई, तेलाची बाटली, तिखट-मीठ-हळद एकत्र केलेली पुडी, ठेचलेला लसूण, कालच्या भाकऱ्या. तीन दगड मांडून त्यांनी जाळ केला. माझ्या लहानपणी ते असंच करत, फक्त तेव्हा मला जाळ फुंकायचं काम असे. आता त्यांनीच फुंकला.

चवीबद्दल मी खोटं लिहिणार नाही. चव बेताची होती. खवलीत काटे इतके की घास तोंडात फिरवत बसावं लागत होतं. चिलापीला तळाच्या गाळाचा वास होता. तो तिखटानं दबतो, जात नाही. सासूबाई म्हणायच्या त्यात तथ्य होतं. वीस-बावीस वर्षं आठवणीत जी चव मी सांभाळली ती एवढीच होती का, असा प्रश्न मला पडला. तरी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आण्णांनी काटे एका पानावर ओळीनं मांडून ठेवले, ही त्यांची जुनी सवय.

"कृष्णंच्या माशासारखा न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"तिकडंबी आता तसा राह्यला न्हाई म्हना."

महिना संपला, पण गावी परत जायचा विषय कोणी काढला नाही. आण्णा रस्ता शिकले. शेअर रिक्षानं कामणपर्यंत आणि पुढं चालत, असं आठवड्यातून दोन-तीनदा ते एकटे जाऊ लागले. आणि फेब्रुवारीत एके दिवशी ते मासा घरी घेऊन आले. मोठी चिलापी होती एक, किलोभराची असेल. एकट्यानं नदीवर खाऊन संपवणं बरं वाटेना म्हणाले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पिशवीत पाहिलं, आण्णांकडे पाहिलं नाही, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"ह्ये आमचे घरान नाय शिजाचं. सांग त्यांना."

आण्णांनी ऐकलं होतंच. "बरं ईनबाई," ते म्हणाले. "चुकलं माजं." खाली जाऊन त्यांनी तो मासा दुकानांच्या मागे मांजरांना घातला, हातपाय धुतले, वर येऊन पेपर वाचत बसले. मी काय केलं? काही नाही. कणीक मळायला घेतली होती ती मळली. त्या दिवशी जेवायला कोलंबी होती आणि आण्णांनी ती मुकाट्यानं खाल्ली. नवरा नंतर म्हणाला, आईचं वय झालं, सोडून दे. माझ्या वडिलांचंही वय झालं होतं, पण मी सोडून दिलं.

त्यानंतर ते काही घरी आणेनासे झाले. मिळेल ते नदीवरच शिजवून खात, उरलं तर काठीसाठी बांबू देणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या घरी देत. रविवारी मी सोबत जाई. कधी काही लागे, कधी नाही. आम्ही फारसं बोलत नसू. आईबद्दल तर नाहीच.

मे महिन्याच्या सुरुवातीला, एका बुधवारी दुपारी, शाळेत माझा फोन वाजला. सासूबाईंचा होता. त्या मला कामावर कधीच फोन करत नसत. एवढ्या वर्षांत दोनदाच केला होता आणि दोन्ही वेळा घरातलं कोणीतरी गेलं होतं.

"तुजे आन्नांना मासा डसला," त्या म्हणाल्या. "घाबरू नुको. पन ये."

मी रजा टाकून पंधरा मिनिटांत घरी पोचले. घरात कोणी नव्हतं. मागच्या अंगणातून आवाज आला म्हणून तिकडे गेले. विहिरीजवळ, वाशावर टाकलेल्या पत्र्याच्या सावलीत आण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उजवा हात मनगटापर्यंत बादलीत, बादलीतून वाफ येत होती. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घाम. सासूबाई शेजारी उभ्या राहून तपेलीतलं गरम पाणी थोडं थोडं बादलीत ओतत होत्या आणि दर वेळी आधी स्वतःचं बोट बुडवून बघत होत्या.

"हात वर काराचा नाय," त्या आण्णांना सांगत होत्या. थेट त्यांनाच. "पोलतंय म्हनून काराचा नाय. गरम पानीच त्याचं इख उतरवतं."

"व्हय," आण्णा दात आवळून म्हणाले.

झालं होतं असं. गाळाच्या एका खोलगट जागी आण्णांनी गळ टाकला होता आणि काळी, मिशांची, खवले नसलेली शिंगी लागली होती. गळ काढताना तिच्या कल्ल्याजवळचा काटा अंगठ्याच्या खाली घुसला. असा मासा त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा हाताळला असेल. "ध्यान न्हवतं," एवढंच त्यांनी सांगितलं, आणि ते ध्यान कुठं होतं हे मी विचारलं नाही. हाताला आगडोंब उठला, खांद्यापर्यंत कळ गेली. तशाच अवस्थेत ते रस्त्यापर्यंत चालत आले आणि एका रिक्षावाल्यानं त्यांना थेट घरी आणून सोडलं. विशेष म्हणजे माशाची पिशवी त्यांनी टाकली नव्हती. विसरलेच होते की ती दुसऱ्या हातात आहे.

सासूबाईंनी दार उघडलं, हात पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काली व्हती का? मिशा व्हत्या?" आण्णांनी मान हलवल्यावर त्यांनी पाणी तापत ठेवलं.

मी त्यांना डॉक्टरकडे नेते म्हटलं. "ने की. सुई तं मारायलाच पायजे," सासूबाई म्हणाल्या. "पन अर्धा तास ऱ्हाव दे हात पान्यान. मंग ने." डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, की गरम पाणी लगेच मिळालं म्हणून फार त्रास वाचला. धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या, दोन दिवस हात उंच ठेवा. सूज उतरायला आठवडा लागला.

आम्ही दवाखान्यातून परत आलो तेव्हा अंगणातून धूर येत होता. सासूबाईंनी विहिरीजवळची, एरवी फक्त लग्नकार्याला पेटणारी दगडांची चूल पेटवली होती. त्या खाली बसल्या होत्या, गुडघेदुखीमुळे एरवी कधी बसत नसत. समोर काळ्या दगडावर राख पसरलेली आणि त्या राखेत ती शिंगी. या माशाला चिवट बुळबुळीत थर असतो. नुसत्या पाण्यानं तो जात नाही. सासूबाईंनी तिचे काटे आधीच अडकित्त्यानं उडवले होते. आता त्या तिला राखेत लोळवून खडबडीत दगडावर घासत होत्या, शेपटीकडून डोक्याकडे, एका बोटानं पोटाला आधार देत. दोन-चार घासण्यांत काळी कातडी स्वच्छ, कोरडी दिसायला लागली. मग उलटं पातं लावून त्यांनी पोट फोडलं आणि पित्ताची हिरवी पिशवी अख्खी, न फुटता, बाहेर काढून टाकली.

समुद्राचा मासा असा कोणी साफ करत नाही. असं साफ करणारं माणूस मी फक्त माझ्या आजोळी पाहिलं होतं. मी आणि आण्णा दोघंही बघत उभे राहिलो.

"बगतव काय?" सासूबाई वर न पाहता म्हणाल्या. "जो मासा डसतो त्याचं कालवन डसलेल्या मानसानं खायाचं असतं. आमचेकडं असंच करतान."

"आमचेकडं म्हणजे कुठं, आई?" मी विचारलं.

त्यांनी आधी चिंचेचा कोळ मागितला, लसूण सोलायला सांगितला. कढई चुलीवर चढली, मसाला पडला, आणि त्यानंतर, चमचा फिरवत, त्यांनी सांगितलं.

त्यांचं माहेर भिवंडीच्या वरच्या अंगाला, तानसेच्या काठी. मला माहेराचं गाव माहीत होतं, पण ते नदीवर आहे याचा मी कधी विचार केला नव्हता. तिथं त्यांनी सोळा वर्षांची होईपर्यंत खाडी पाहिली नव्हती. नदी आणि भाताची खाचरं, त्यातलेच मासे. त्या स्वतः हातानं धरत, दगडांखाली बोटं घालून. लग्न होऊन जूचंद्रला आल्या आणि पहिल्या सणाला त्यांच्या वडिलांनी टोपलीभर नदीचे मासे भेट म्हणून पाठवले. इथं मिठागरं, खाडी, दारात ताजी कोलंबी. टोपली उघडली आणि घरात हसू उसळलं. मोठ्या जावेनं त्यांचं नाव मुरी ठेवलं. वर्ष-दोन वर्षं सगळे त्यांना मुरीच म्हणत. सासूनं सांगितलं, ह्ये आपले घरान नाय शिजाचं. टोपली उकिरड्यावर गेली.

"बापाला काय सांगितलंत?" आण्णांनी विचारलं.

"सांगितलं, सगल्यांना आवडले." त्यांनी लाकूड आत सरकवलं. "मंग तो दर सालाला पाठवायचा. मरंपरत."

कालवण उकळत होतं. मला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला हीच वेळ आहे हे मला कळत होतं.

"मग मी मुऱ्यांचं बोलले तेव्हा तुम्ही का हसलात? सगळ्यांपेक्षा जास्त हसलात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओशाळल्या नव्हत्या. हिशेबाचं उत्तर द्यावं तसं त्यांनी उत्तर दिलं. "मी नाय हसली असती तं सगल्यांना माजं नाव आठवलं असतं."

त्या दिवशी अंगणातच जेवलो. तांदळाची भाकरी आणि शिंगीचं कालवण. आण्णांना डाव्या हातानं जमेना, म्हणून सासूबाईंनी माशाचा मधला काटा काढून मांस त्यांच्या ताटात वेगळं करून दिलं. शिंगीला लहान काटे नसतात, मांस मऊ आणि जरा तेलकट, आणि राखेनं घासल्यामुळे की चिंचेमुळे, गाळाचा वास जवळजवळ नव्हता. आण्णा म्हणाले, शेंगदाण्याचा कूट घातला असता तर दाटपणा आला असता. सासूबाई म्हणाल्या, मासळीत शेंगदाना घालनारा मानूस पयल्यांदा बगितला. यावर बराच वाद झाला. माझ्या आठवणीत त्या दोघांचं एकमेकांशी ते पहिलं लांबलचक बोलणं.

घरातला नियम मात्र मोडला नाही. सासूबाईंनी तो फक्त अंगणात हलवला. स्वयंपाकघरात अजूनही नदीचा मासा जात नाही, विहिरीजवळच्या चुलीवर शिजतो. वेगळी कढई, वेगळा चमचा. हे का, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माजे सासूनं सांगितलंय म्हनून." सासू जाऊन तीस वर्षं झाली आहेत.

पाऊस संपल्यावर सासूबाई एकदा आमच्याबरोबर नदीवर आल्या. नवऱ्यानं गाडीनं सोडलं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्यांनी तासभर आण्णांच्या गळ टाकण्यातल्या चुका काढल्या. पाण्याच्या मध्यावर काय टाकताव, तिथं काय हाय, त्या करंजाचे मुलाखाली टाका. आण्णांनी टाकला. तिथं एकामागून एक तीन मुऱ्या लागल्या आणि मग काहीच लागलं नाही. सासूबाई स्वतः पाण्यात उतरल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, गुडघे नाय देत. पण जाताना वाकून एक गोटा उचलून त्याच्याखाली बघितला आणि परत जसाच्या तसा ठेवला.

ज्यांनी ते नाव ठेवलं त्या सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई अजून आहेत, नव्वदीला आलेल्या, शेजारच्याच इमारतीत राहतात. दिवाळीनंतर एकदा त्या दुपारी आल्या होत्या आणि अंगणात चूल पेटलेली होती. सासूबाईंनी त्यांना ताट वाढलं. मासा कुठला ते त्यांनी विचारलं नाही. खाऊन झाल्यावर सासूबाईंनीच सांगितलं, "नदीचा व्हता. मुरी." जाऊबाईंनी मान डोलावली, बरा झालाय म्हणाल्या. सासूबाईंनी ताट उचललं. मग म्हणाल्या, "मना तुमी मुरी म्हनायच्याव. आठवतं?"

"मी?" जाऊबाईंनी खरंच विचार केला. "कवा? नाय गो. मी कशाला म्हनीन?"

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. सासूबाईंनी त्यांचे हात धुवायला पाणी ओतलं आणि विषय बदलला. जाऊबाई गेल्यावर सासूबाई रात्रीपर्यंत कमी बोलल्या. राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. ज्याची इतकी वर्षं भीती बाळगली ते दुसऱ्या कोणाच्या लक्षातही नव्हतं, याचं माणसानं काय करायचं असतं, ते मला माहीत नाही.

यंदा मार्चमध्ये त्यांनी माहेरी जायचं म्हटलं. भाऊ राहिले नाहीत, भाच्यांची घरं आहेत. मी, त्या आणि आण्णा असे तिघं भाड्याच्या गाडीनं गेलो. आण्णांना आपण होऊन त्यांनीच बोलावलं. "नदी बगायची असंल तं चला." आण्णांनी काठी घेतली नाही, पण खिशात गळ आणि तंगूसाची गुंडाळी होती, मी पाहिली.

भाच्याचं घर मोठं झालंय, पुढं टाइल्स, मागं गाड्या लावायला शेड. नदी घराच्या मागे चालत दहा मिनिटांवर, पण मधली जमीन विकली गेली आहे आणि तिथं फार्महाऊसच्या भिंती आहेत. वळसा घालून जावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, आधी जेवू. भाच्याची बायको अंगानं दणकट, बोलायला गोड बाई. आत्या कित्येक वर्षांनी आल्या म्हणून तिनं सकाळीच नवऱ्याला भिवंडीच्या बाजारात पाठवलं होतं. ताटात पापलेट होतं. मोठं, अख्खं, तळलेलं, प्रत्येकाला एक.

"आत्या वसईच्या," ती म्हणाली. "त्यांना हेच लागतं म्हनून मुद्दाम आनलं. आमचे इथं काय, नदीची मच्छी. ती तुमाला कशी द्याची?"

"तुमी खाता अजून?" सासूबाईंनी विचारलं.

"खायाचे पयले. आता पोरं नाय खात. वास मारते म्हनतात."

सासूबाईंनी पापलेट खाल्लं. नीट खाल्लं, काटा स्वच्छ उरेपर्यंत, आणि दोनदा चांगलं झालंय म्हणाल्या. आण्णांनीही खाल्लं. जेवण झाल्यावर भाच्यानं आडव्या वाटेनं नदीवर नेलं. वर धरण आहे, सोडतील तेव्हा पाणी असतं. त्या दिवशी होतं. सासूबाईंनी चपला काढल्या, मला हात दिला आणि घोट्यापर्यंत पाण्यात उतरल्या. एका दगडाखाली बोटं घातली. मग दुसऱ्या. तिसऱ्या दगडाखाली त्यांची बोटं थांबली, मिटली, आणि वर आली तेव्हा त्यात करंगळीएवढी मुरी वळवळत होती.

"बाय!" भाचा हसून म्हणाला. "आत्याला येतं की!"

सासूबाईंनी ती भाच्याला दाखवली, आण्णांना दाखवली. आण्णा म्हणाले, "एवढीशीचं काय करायचं, ईनबाई? सोडा."

त्यांनी सोडली. आम्ही आणखी अर्धा तास तिथं होतो. त्यांच्या साडीचे काठ भिजले होते ते वाळायला त्या उन्हात बसल्या, आण्णा गळ टाकून बसले. लागलं काही नाही. चारच्या सुमारास ड्रायव्हरचा फोन आला आणि आम्ही निघालो. गाडीत दोघांनाही झोप लागली.